खारूची हजेरी

घरात तिला सगळे खारू म्हणत. लहानपणी ती एका जागी ठरत नसे. माळ्यावर, कपाटावर, शेजाऱ्यांच्या गच्चीवर, कुठूनही उगवायची, म्हणून आईनंच ते नाव ठेवलं होतं. पुढे आईची मूत्रपिंडं निकामी झाली आणि खारूची सगळी धावपळ घराच्या चार भिंतींत येऊन बसली. आईच्या पोटात बसवलेल्या नळीतून औषधाचं पाणी आत सोडायचं, काही तासांनी ते काढायचं, पुन्हा नवं सोडायचं. दिवसातून चार वेळा. त्याआधी कोपरापर्यंत हात धुवायचे, तोंडाला मास्क लावायचा, पंखा बंद करायचा, दाराला कडी घालायची. बाहेर आलेलं पाणी ताणकाट्याला लावून वजन करायचं आणि गढूळ तर नाही ना हे उजेडात धरून बघायचं. सहा वर्षं हे चाललं. थोरल्या बहिणीचं, ताईचं, लग्न होऊन ती दोन गल्ल्या पलीकडे राहत होती. तिची दोन पोरं लहान. बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. म्हणजे घरात राहिली कोण, तर खारू.

मधल्या काळात ती विणकाम शिकली, तेही जमेल तसं, आईच्या दोन पाण्यांच्या मधल्या वेळात. तिच्या कॉलेजचा परदेशातल्या एका कॉलेजशी करार होता. दर वर्षी इथला एक विद्यार्थी तिकडे, तिकडचा एक इकडे. खारूची निवड दोनदा झाली आणि दोनदा तिनं 'पुढच्या वर्षी' असं कळवलं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, असं ताई हसून म्हणायची. तिसऱ्या वर्षी कॉलेजनं सांगितलं, आता शेवटचं. आणि त्याच सुमाराला आई गेली. सगळं उरकल्यावर नातेवाईक खारूच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "सुटली गं बिचारी." आई सुटली म्हणत होते की खारू, ते काही तिला नीट कळलं नाही. तिनं विचारलंही नाही. बॅग भरली आणि विमानात बसली.

रडली नाही. विमानतळावर नाही, विमानात नाही, नव्या खोलीत आल्यावरही नाही.

खोली दोघींची होती. दोन पलंग, दोन टेबलं आणि मध्ये एक खिडकी, जी अर्धीच उघडायची. दुसऱ्या पलंगावरची मुलगी रसायनशास्त्र शिकायला आलेली, आपल्याच भाषेतली. तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. सकाळी डोळे उघडायच्या आधी तिचं बोलणं सुरू व्हायचं आणि झोपेतही ती मध्येमध्ये काहीतरी पुटपुटायची. साऱ्या मजल्यावर तिला रेडिओ म्हणत आणि तिला त्याचा अभिमान होता. पहिल्याच दिवशी तिनं खारूला चहा करून दिला आणि आपला सगळा जन्म सांगून टाकला. खारूनं आपलं एवढंच सांगितलं, "घरी बाबा असतात. एक बहीण आहे."

कॉलेजात परदेशी विद्यार्थ्यांसाठी एक वेगळं ऑफिस होतं. तिथले सल्लागार चष्म्याआडून बघणारे, सडपातळ गृहस्थ होते. पहिल्या आठवड्यात सगळ्या नव्या मुलांना हॉलमध्ये बसवून त्यांनी समजावून सांगितलं होतं.

"व्हिसा म्हणजे तुम्ही दिलेलं वचन आहे," ते म्हणाले. "शिकायला येतो म्हणालात, तर शिकताना दिसलं पाहिजे. पूर्ण वेळ वर्गात. पत्ता बदललात, कळवा. आजारी पडलात, कळवा. कमी विषय घ्यायचेत, तर आधी विचारा. घेऊन झाल्यावर सांगू नका. बिनपगारी असो की पगारी, परवानगीशिवाय काम करू नका. एवढं पाळलंत तर वर्षभर मी कोण आहे हे तुम्हाला आठवायचं कारण पडणार नाही."

मुलं हसली. खारूनं सगळं लक्ष देऊन ऐकलं. नियम पाळणं तिच्या हाडीमाशी मुरलेलं होतं.

पहिले काही आठवडे ती घड्याळाच्या काट्यासारखी गेली. विणकामाची कार्यशाळा तळघरात होती. लांबच लांब खोलीत दोन्ही बाजूंना हातमाग, वर पांढरे दिवे, कोपऱ्यात सुताचे मोठाले कोन रचलेले. शिकवणारे मास्तर दांडगे होते, मिशा पिकलेल्या, आवाज माग ठोकल्यासारखा. त्यांनी प्रत्येकाला एक माग दिला आणि वर्षाअखेर त्यावर स्वतःच्या कल्पनेचं एक कापड काढायला सांगितलं. इतर मुलांनी भराभर रंग निवडले. खारूनं करड्या सुताचा उभा ताणा लावला. मास्तरांनी विचारलं, "आडवं सूत कुठलं?" ती म्हणाली, "हेच." मास्तर पुढच्या मागाकडे गेले.

आणि मग एका सकाळी ती बसमधून उतरलीच नाही.

ठरवून काही केलं नव्हतं. कॉलेजचा थांबा आला, दार उघडलं, मुलं उतरली, दार मिटलं. खारू खिडकीशी बसून होती. उठायचं असतं हे माहीत होतं, पण उठणारं कोणी आत नव्हतं. बस पुढे गेली. दुकानं संपली, गोदामं लागली, मग एक मोठा मोकळा डांबरी चौक आला. तिथे चालकानं इंजिन बंद केलं आणि मागे वळून म्हणाला, "शेवटचा थांबा." ती उतरली. बाकावर बसली. तीच बस परत निघाली तेव्हा तीत बसून खोलीवर आली. हात धुतले, भात लावला, जेवली, झोपली. झोप उत्तम लागली.

दुसऱ्या दिवशी ती वर्गात गेली. तिसऱ्या दिवशी पुन्हा शेवटच्या थांब्यावर. मग हळूहळू शेवटच्या थांब्यावरचे दिवस वाढत गेले. वाईट वाटत नव्हतं. चांगलंही वाटत नव्हतं. दाताच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर गाल जसा आपला असून आपला नसतो, तशी ती अख्खी झाली होती. बाबांचा रोज फोन यायचा. "जेवलीस का?" "जेवले." "कॉलेज कसं आहे?" "छान आहे." फोन ठेवला की ती तो उलटा करून ठेवायची.

रेडिओच्या लक्षात आलं, पण उशिरा. बोलणाऱ्या माणसाला ऐकायला सवड कुठली! एकदा ती लवकर परतली तर खारू बूट घालून पलंगावर बसलेली.

"काय गं, जाऊन आलीस की जायचंय?"

खारूनं बुटांकडे पाहिलं. "माहीत नाही," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात सल्लागारांचा निरोप आला. भेटायला या, टाळू नका.

त्यांचं ऑफिस म्हणजे एक अरुंद खोली होती. भिंतीवर जगाचा नकाशा, त्यावर टाचण्या, टेबलावर अर्धवट खाल्लेलं सफरचंद. त्यांनी खारूला बसायला सांगितलं आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली. हजेरीच्या रकान्यांत तिच्या नावापुढे एवढे मोकळे चौकोन होते की भरलेले शोधावे लागत होते.

"हे काय आहे?"

"मी आले नाही."

"ते दिसतंय. का?"

खारूनं खरंच विचार केला. मग म्हणाली, "कारण नाही."

सल्लागारांनी चष्मा काढून पुसला. "हे बघा, मी तुमचा शत्रू नाही. पण तुम्ही पूर्ण वेळ विद्यार्थिनी राहिला नाहीत, तर ते वर, व्हिसा खात्याला कळवणं माझ्यावर बंधनकारक आहे. मी कळवलं की तुमचा दर्जा रद्द. मग तुम्ही इथे बेकायदा. तसं झालं तर पुढे कुठल्याही देशाचा व्हिसा मागताना हे आडवं येईल. आता तीन वाटा आहेत. एक, कारण असेल तर डॉक्टरचा दाखला आणा. मी तुमचे विषय कमी करून देऊ शकतो, व्हिसा शाबूत राहील. दोन, स्वतःहून अभ्यासक्रम सोडा आणि मुदतीत घरी जा. मानानं गेलात असं नोंदवेन. तीन, काहीच करू नका. मग जे व्हायचं ते आपोआप होईल. आठवड्याभरात सांगा."

"बरं," खारू म्हणाली.

"बरं म्हणजे? कुठली वाट?"

"तुम्ही सांगितलं ते कळलं, म्हणून बरं म्हणाले."

सल्लागारांनी स्क्रीन परत आपल्याकडे वळवली. त्यांच्यासमोर रडणारी मुलं यायची, भांडणारी यायची, खोटं बोलणारी तर रोजच. अशी मुलगी त्यांना नवीन होती.

रेडिओला कळलं तेव्हा तिनं डोक्याला हात लावला. "अगं, पाणी गळ्याशी आलंय आणि तू भात काय ढवळत बसलीस! दाखला आणायचा. सोप्पं आहे. डॉक्टरपुढे जायचं आणि ढसाढसा रडायचं. सांगायचं, झोप नाही, भूक नाही, घरची आठवण येते, छातीत धडधडतं."

"मला झोप लागते. भूकही लागते."

"ते सांगायचं नसतं गं!" रेडिओनं तिला खुर्चीत बसवलं, स्वतः गळ्यात टॉवेल टाकून डॉक्टर झाली. "हं, बोला. काय होतंय?"

"काही होत नाही."

"नापास! पुन्हा. काय होतंय?"

खारूनं चेहरा वेडावाकडा करून पाहिला. रेडिओला हसू आलं, खारूला नाही. शेवटी रेडिओनं एक कांदा आणला, चिरून तिच्या नाकासमोर धरला. रेडिओचे स्वतःचे डोळे वाहायला लागले, नाक लाल झालं. खारू आपली कोरडी ठक्क. "तू माणूस आहेस की मैलाचा दगड?" रेडिओ नाक पुसत म्हणाली, आणि मग एकदम गप्प झाली. त्या संध्याकाळी तिनंच कॉलेजच्या दवाखान्यात खारूसाठी वेळ घेतली.

डॉक्टर पन्नाशीच्या बाई होत्या. खोलीत दोन सारख्या खुर्च्या, मध्ये टेबल नाही. त्यांनी ठरलेले प्रश्न विचारले. झोप? लागते. भूक? लागते. रडू? येत नाही. जीव द्यावासा वाटतो? नाही. काही करावंसं वाटतं? खारू थांबली. "नाही," ती म्हणाली, "पण नको असंही वाटत नाही."

"काल काय केलंत?"

"बसनं गेले."

"कुठे?"

"शेवटच्या थांब्यापर्यंत."

"तिथे काय आहे?"

"काही नाही. तिथे उतरवतात, म्हणून उतरते."

बाईंनी लिहिणं थांबवलं. "घरी कोण असतं?"

"बाबा. बहीण. आई गेली."

"कधी?"

"इथे यायच्या आधी. तीन आठवडे."

"काय झालं होतं?"

आणि खारू सांगायला लागली. पहिल्यांदाच ती सलग बोलत होती. पण सांगत होती ती एक पाळी संपवून दुसरीला कामाचा ताबा देणाऱ्या नर्ससारखं. पाण्याची पिशवी अंगाच्या उबेइतकी गरम लागते, फार नाही. नळीचं तोंड हवेत उघडं राहता कामा नये. सूज पायावर आधी दिसते, बोट दाबलं की खळगा पडतो आणि तो किती वेळात भरतो ते बघायचं. पाणी गढूळ आलं तर पिशवी फेकायची नाही, तशीच दवाखान्यात न्यायची. शेवटच्या वेळी गढूळ आलं होतं. ती पिशवी घेऊन रिक्षानं गेली. पिशवी मांडीवर होती, गरम. आईला मागाहून बाबा घेऊन आले. जंतुसंसर्ग पोटात पसरला होता. हात नेहमीसारखेच धुतले होते. मास्क लावला होता. पंखा बंद होता. दाराला कडी होती.

ती बोलायची थांबली. बाहेर कुणीतरी खुर्ची ओढली.

"हे आधी कुणाला सांगितलंय?" बाईंनी विचारलं.

"दवाखान्यातल्या डॉक्टरांना. ते म्हणाले, असं होतं कधीकधी."

"होतं," बाई म्हणाल्या. "काळजी घेऊनही होतं. तुमच्या हातून झालं नाही."

खारूनं मान हलवली. ऐकलं एवढंच. आत काही हललं नाही, आणि हलायला हवं होतं हे तिला ठाऊक होतं.

बाई म्हणाल्या, "तुम्हाला काहीच होत नाही, असं तुम्ही सांगायला आलात. हेच झालंय तुम्हाला. मी दाखला देते. पण दाखला म्हणजे औषध नव्हे. दर आठवड्याला इथे यायचं. आणि बस हवी तेवढी फिरा, पण आधी कॉलेजच्या थांब्यावर उतरा."

दाखला घेऊन ती सल्लागारांकडे गेली. त्यांनी वाचला आणि ओठ मुडपले. यापुढचे विषय कमी करता येतील, पण मागची गैरहजेरी यानं धुतली जात नाही, ते म्हणाले. वरच्यांना पटवायचं तर कार्यशाळेच्या मास्तरांचा शेरा हवा, की ही मुलगी उरलेल्या काळात काम पुरं करू शकेल.

मास्तर मागाखाली वाकून दोरी बांधत होते. खारूनं सांगितलं ते त्यांनी तसंच वाकून ऐकलं.

"नाही लिहिणार," ते म्हणाले.

खारू जायला वळली.

"तू आली नाहीस. तुझं काम मी पाहिलेलं नाही. जे पाहिलं नाही ते लिहून देणं मला जमत नाही, मग कुणी हसो की रडो." ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "उद्या आलीस, तर उद्या आली असं लिहीन. परवा आलीस, तर परवाचं. आठवड्याच्या शेवटी जे खरं असेल तेच त्या चष्मेवाल्याला धाडीन. बास."

त्या संध्याकाळी ताईचा फोन आला. ताई मनानं वाईट नव्हती, पण थकली होती, आणि थकलेल्या माणसाच्या जिभेला धार येते.

"बाबांची साखर वाढलीय," ताई म्हणाली. "परवा पथ्य मोडलं, दुपारी दुकानात चक्कर आली. शेजारच्यांनी आणून सोडलं. मी कुठे कुठे पुरू? पोरांच्या परीक्षा, ह्यांची बदली व्हायचं चाललंय. तुझं कसं चाललंय तिथे?"

खारूनं घरच्यांपैकी कुणालातरी पहिल्यांदाच खरं सांगितलं. वर्गात जात नव्हते. सल्लागार म्हणतात, मानानं परत जाता येईल. कदाचित यावं लागेल.

ताईचा आवाज मऊ झाला, आणि त्या मऊपणात सुटका ऐकू आली. "मग ये ना गं. जीवाला त्रास कशाला? त्या माणसानं सांगितलं ना, मानानं जाता येतं म्हणून? ये. बाबांनाही बरं पडेल. तुला सगळं येतं, औषधं, पथ्यं. माझ्यानं होत नाही ते."

"बघते," खारू म्हणाली.

ती पलंगावर बसून राहिली. इकडे आड, तिकडे विहीर, असं म्हणतात; पण त्याला दोन्हीकडची भीती वाटावी लागते. तिला आडही दिसत होता, विहीरही दिसत होती, आणि दोन्हींचं पाणी सारखंच करडं होतं. घरी गेलं तर काय करायचं हे तिच्या हातांना पाठ होतं. साखर मोजायची, डबीत गोळ्या भरायच्या, तळपाय बघायचे. इथे काय करायचं हे कोणी सांगत नव्हतं. विचार न करता पडायचं झालं असतं, तर ती घराकडेच पडली असती.

तेवढ्यात बाबांचा रोजचा फोन आला.

"जेवलीस का?"

"बाबा, मी कॉलेजला जात नव्हते."

बाबा बोलायचे कमीच. घड्याळाच्या पोटात डोकं घालून आयुष्य काढलेला माणूस. खारूनं सगळं सांगितलं, जसं डॉक्टरांना सांगितलं तसं, एकसुरी. शेवटी म्हणाली, "ताई म्हणते, ये. तुमची साखर वाढलीय म्हणे."

"वाढलीय," बाबा म्हणाले. "लाडू खाल्ला. दोन."

"तुम्हाला चालत नाही."

"माहितेय ना. म्हणून तर चोरून खाल्ला." मग ते घसा खाकरून म्हणाले, "खारू, तू येऊ नकोस."

"का?"

"तू आलीस ना, की मी आजारी पडीन."

तिला कळलं नाही.

"तू घरात असलीस की आजारी पडणं सोपं असतं गं. सगळं तू बघतेस. मी तर पडूनच राहीन बघ. माणूस असाच असतो, कोणी उचलणारं दिसलं की पाय आपोआप मोडतात. आत्ता कोणी नाही, तर बघ, भात मी लावतो. करपतो, पण लावतो. गोळ्या मी घेतो. ताईला म्हणावं, चक्कर आली ती मला आली, मी बघून घेईन. तिलाही मी सांगतो." ते थांबले. "तुझ्या आईचं करताना मी दुकान उघडून बसायचो. मला बघवत नव्हतं. तू बघत होतीस, तुला बघवतं असं मी धरून चाललो. ते चुकलंच माझं. आता माझं करायला नाही यायचं तू. तिथे वर्गात बस. झोप आली तरी बस."

"मला तिथेही काही वाटत नाही, बाबा."

"न वाटू दे," बाबा म्हणाले. "बसायला काय लागतं? बूड लागतं."

खारूच्या तोंडून काहीतरी निघालं. हसू होतं की ठसका, सांगता येणार नाही. पलीकडून बाबांनी फोन ठेवला. बोलणं संपलं की 'ठेवतो' म्हणायची त्यांना सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजच्या थांब्यावर उतरली. मनात काही ठाम झालं होतं असं नव्हे. थांबा आला, तिनं पुढच्या माणसाच्या पाठीकडे पाहिलं, तो उतरला, त्याच्या मागून ती उतरली. तळघरात जाऊन मागावर बसली. तिच्या ताण्यावर धूळ बसली होती, कडेचे दोन धागे तुटले होते. ते शोधून जोडण्यात सकाळ गेली. मास्तर एकदा मागून गेले. दुपारी तिनं पायाखालच्या पावड्या दाबून आडव्या सुताचा धोटा टाकायला सुरुवात केली. करड्यात करडं. इकडून तिकडे, तिकडून इकडे, मग फणी ठोकायची.

परवाही आली. तेरवाही आली. तिला विणावंसं वाटत होतं म्हणून नव्हे. ठोकण्याचा आवाज एवढा होता की त्यात काही वाटलं नाही तरी चालत होतं.

आठवड्याच्या शेवटी मास्तरांनी सल्लागारांना दोन ओळी धाडल्या. ती आली. काम करते, हळू पण सरळ. त्यात एकही शब्द स्तुतीचा नव्हता. सल्लागारांनी तो शेरा, डॉक्टरांचा दाखला आणि स्वतःचं टिपण जोडून वर पाठवलं. उत्तर यायला वेळ लागला. तोवर भिजत घोंगडं. रेडिओ रोज विचारायची, "आलं का? आलं का?" जणू तिचाच व्हिसा होता. ताईनं काही दिवस फोन केला नाही. बाबांनी तिला काय सांगितलं कोण जाणे. मग एक दिवस तिनं नुसता बाबांचा फोटो पाठवला, करपलेल्या पातेल्याशेजारी बसलेले. खाली लिहिलं होतं, 'बघ तुझे बाबा. रागावले नाहीये मी.' खारूनं तो फोटो मोठा करून बघितला. बाबांचे पाय दिसत नव्हते, त्यामुळे सूज आहे का ते कळेना. मग तिनं फोन ठेवून दिला.

उत्तर आलं. विषय कमी करायला मंजुरी. व्हिसा वर्षअखेरपर्यंत कायम. अट अशी की दर आठवड्याला सल्लागारांसमोर येऊन सही करायची, आणि पुन्हा न कळवता गैरहजर राहिली तर कुठलीही सवलत नाही.

सल्लागारांनी हात पुढे केला. "अभिनंदन."

"थँक यू," खारू म्हणाली. तिनं मनात चाचपून पाहिलं. आनंद सापडला नाही. पण बाहेर आल्यावर तिला जाणवलं, पायात बूट चावतोय. टाचेवर फोड आला होता, बहुधा बऱ्याच दिवसांचा. ती भिंतीला टेकून वाकली आणि बूट सैल केला.

पुढचे महिने असेच गेले. डॉक्टर बाईंकडे ती जात राहिली. कधी बोलायची, कधी नुसतीच बसायची. कापड हातहात वाढत होतं. त्यात मध्येच तिनं एक पांढरा धागा टाकला. मास्तरांनी विचारलं, "का?" ती म्हणाली, "सहज." ते म्हणाले, "सहज तर सहज."

मग थंडीच्या शेवटी तिला ताप आला. साधाच, सर्दी-पडशाचा, पण सडकून. सकाळी उठली तर खोली गरगरली. ती तशीच भिंत धरून बूट घालायला लागली. रेडिओनं ते पाहिलं आणि बूट तिच्या हातातून हिसकावून घेतला.

"अगं वेडे, अंग भाजतंय तुझं! आडवी हो."

"हजेरी लागते."

"कळवायचं ना! तेच तर सांगतात ते. मर गं आता सुखानं."

रेडिओला आजारी माणसाचं करता येत नव्हतं. तिनं कपाळावर ठेवलेली पट्टी एवढी ओली होती की पाणी कानांत गेलं. सूप सांडलं. थर्मामीटर काखेत उलटा लावला. आणि सगळा वेळ अखंड बडबड. खारूला एकेक चूक दिसत होती. हात पुसायला हवे होते, पट्टी पिळायला हवी होती, उशी उंच करायला हवी होती. सांगायला ती तोंड उघडणार, तोच रेडिओनं सुपाचा चमचा तोंडात घातला. फार गरम होतं. खारूनं ते गिळलं. मग दुसरा चमचा. तिसऱ्या चमच्याला तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते थांबेना. आवाज नाही, हुंदका नाही. नुसतं पाणी, गालावरून उशीत.

"भाजलं का?" रेडिओ घाबरून म्हणाली.

"हो," खारू म्हणाली. "दे अजून."

सूप संपल्यावर तिनं फोन उचलला आणि मास्तरांना लावला. मागे मागांची ठोकाठोक ऐकू येत होती.

"मास्तर, मी आज येणार नाही. ताप आहे. दाखला आणते."

"बरं," मास्तर ओरडून म्हणाले. "कळवलंस ते चांगलं केलंस. झोप आता."

"उद्याही बहुतेक येणार नाही."

"उद्याचं उद्या सांग," ते म्हणाले.

तिनं फोन उशाशी ठेवला, सुलटा. रेडिओ पट्टी पुन्हा ओली करून आणत होती, वाटेत पाणी सांडत, आणि कुठल्याशा मावशीला असाच ताप आला होता तेव्हा काय झालं ते सांगत होती. मावशीचं पुढे काय झालं ते खारूला कळलं नाही. तिला झोप लागली होती.